जेटीचा हिशोब

माझ्या लॅपटॉपवर 'जेटी_फायनल_३' नावाची एक एक्सेल शीट आहे. (फायनल म्हटलेल्या फाइलला तिसरा नंबर का लागतो, हे आयटीवाल्यांना सांगायला नको :-) ) या दिवाळीत ती पुन्हा उघडली आणि तिच्यात एक ओळ बदलली. आधी त्या ओळीसमोर शून्य होतं. त्या शून्याची ही गोष्ट.

सुरुवात झाली मिनेसोटात. २०२२ मध्ये चार महिन्यांसाठी ऑनसाइट होतो. ऑक्टोबरमधल्या एका रविवारी क्लायंटकडच्या टीम लीडने त्याच्या लेकवरच्या कॉटेजवर जेवायला बोलावलं. हजारो तळी असलेला तो प्रदेश. गाडीच्या नंबर प्लेटवरसुद्धा 'दहा हजार तळी' असं लिहिलेलं असतं. छोटंसं लाकडी घर, समोर आरशासारखं पाणी आणि घरापासून सरळ पाण्यात गेलेली लाकडी जेटी. पण मी पोचलो तेव्हा ती जेटी चक्क उचलून काठावर आणायचं काम चाललं होतं. दोन माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहून तिचे तुकडे सुटे करत होती.

"मोडली का?" मी विचारलं.

मोडली नव्हती. हिवाळ्यात तळं गोठतं आणि तो बर्फ खांब उपटून टाकतो, वाकवतो. म्हणून दर वर्षी हिवाळ्याआधी जेटी काढायची आणि बर्फ वितळला की परत लावायची. काढायचे वेगळे पैसे, लावायचे वेगळे. मी मनातल्या मनात डॉलर गुणिले ऐंशी केलं आणि म्हटलं, लोकांकडे पैसे फार झालेत. त्या लीडला मात्र त्यात काहीच विशेष वाटत नव्हतं. घराचं वीजबिल भरावं तसं तो ते बिल भरत होता.

मी परत आलो ते जेटी डोक्यात घेऊनच. कारण आमच्याकडे तळं होतं, काठ होता आणि काठावर मामा होते.

माझं आजोळ अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या काठावर. तुमच्यापैकी निम्मे लोक काजवे बघायला तिथे येऊन गेले असतील. मेच्या शेवटी रस्त्यावर गाड्यांची जी रांग लागते, त्या रांगेत तुम्हीही हॉर्न वाजवला असेल. मामांची भाताची खाचरं आहेत आणि पाण्याच्या वरच्या अंगाला थोडी मुरमाड जमीन. तिथे त्यांनी पाच तंबू टाकलेत. मामी बाजरीची भाकरी आणि पिठलं करते, सकाळी पोहे. व्यवसायाचं नाव नाही, पाटी नाही, मामांचा मोबाइल नंबर हीच जाहिरात.

अडचण एकच होती. तंबूपासून पाण्यापर्यंत उतरायला निसरडी वाट. पाहुण्यांना पाण्याजवळ जायचंच असतं, फोटो काढायचाच असतो. २०२४ च्या जानेवारीत पुण्याहून आलेल्या एक बाई घसरून थेट कमरेइतक्या पाण्यात गेल्या. मामांनी हात धरून ओढलं म्हणून निभावलं. त्या रात्री मामी मला फोनवर म्हणाली, "तंबू काढून टाकू म्हणते मी. एखांदा बुडला तर कुठं फेडायचं?"

मी म्हणालो, थांब, माझ्याकडे उपाय आहे. आणि एक्सेल उघडली.

आता थोडं या पाण्याविषयी, कारण माझी सगळी चूक त्यातच आहे. भंडारदऱ्याला आपण 'लेक' म्हणतो, पण ते धरण आहे. प्रवरा नदीवरचं हे विल्सन धरण बांधायला १९१० मध्ये सुरुवात झाली आणि १९२६ मध्ये ते पूर्ण झालं. उंची ८२ मीटर, साठवण ११ टीएमसी, म्हणजे ११०० कोटी घनफूट. शंभर वर्षांचं धरण अजून काम करतंय. पावसाळ्यात घाटघर-रतनवाडीकडे पाऊस असा कोसळतो की धरण भरायला ऑगस्ट पुरतो. त्याच जिल्ह्यात नगर शहराकडे आणि पूर्वेच्या तालुक्यांत पावसाळ्यातही आभाळाकडे बघत बसावं लागतं. म्हणून इथलं पाणी इथे राहण्यासाठी साठवलेलंच नाही. ते खाली निळवंड्यात जातं, तिथून नदीने ओझरच्या बंधाऱ्यावर आणि तिथून प्रवरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीच्या शेतांत. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो याच पाण्यावरच्या उसाच्या जोरावर.

थोडक्यात, मिनेसोटातलं तळं हिमयुगाने केलेलं, त्याचं पाणी वर्षभरात थोडंफार वरखाली होतं. आपलं तळं सरकारने केलेलं, आणि ते रिकामं होण्यासाठीच केलेलं. लोणार सोडलं तर महाराष्ट्रात आपण ज्यांना लेक म्हणून वीकेंडला जातो, त्यातली बहुतेक अशीच आहेत. पवना घ्या, मुळा घ्या. आवर्तन कधी सोडायचं, किती दिवस, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. माझ्या जेटीखाली पाणी असेल की चिखल, हे खालच्या उसाला पाणी कधी हवं यावर अवलंबून होतं. हे मला माहीत होतं का? होतं. मामांच्या अंगणात लहानपणापासून दर मे महिन्यात ते उघडं पडलेलं पात्र बघतच होतो. पण शीटमध्ये त्यासाठी कॉलम नव्हता.

पक्के खांब रोवायचा प्रश्नच नव्हता. पाण्याची वरची रेषा जिथपर्यंत येते त्याखालची जमीन सरकारची, शिवाय भोवताली अभयारण्य. पक्कं बांधकाम नाही, काढता येईल असं तरंगतं साधन, या अटीवर पुढे जाता आलं. (त्या परवानगीच्या फेऱ्यांवर वेगळा लेख होईल. असो.) तर तरंगता तराफा ठरला.

इंजिनिअरिंगचा मला आयुष्यात पहिल्यांदा खराखुरा उपयोग झाला तो इथे. २०० लिटरचा निळा ड्रम तुम्ही पाहिला असेल. तो पूर्ण बुडाला तर २०० किलो उचलतो. असे १२ ड्रम, म्हणजे २४०० किलो. पण तराफा गळ्यापर्यंत बुडवून चालत नाही, अर्धाच बुडायला हवा, म्हणजे १२०० धरायचे. त्यातून ड्रमचं स्वतःचं वजन १०८, लोखंडी सांगाडा १८०, फळ्या २२० वजा करा. उरले ६९२. माणूस ७५ किलोचा धरला तर नऊ जण. आम्ही पाटी लावली, 'एका वेळी ८ जण'. एकाच कडेला सगळे सेल्फीला उभे राहिले तर काय, म्हणून मध्यभागी दोरखंडाचा कठडा केला. आर्किमिडीज खूश झाला असता.

खर्च असा आला. वापरलेले ड्रम १४ (दोन जादा) १४,००० रुपये. तराफ्याचं आणि काठावरून त्याच्यापर्यंत जाणाऱ्या १३ फुटी फळीवाटेचं मिळून लोखंड २६० किलो, १६,९००. वेल्डिंगची मजुरी १२,०००. फळ्या १५,५००. नायलॉनचे दोर, कड्या आणि सिमेंट भरलेले टायर हे नांगर म्हणून, ५,२००. दहा लाइफ जॅकेट ९,०००. रंग आणि कठडा ४,४००. संगमनेरहून पिकअप ४,५००. एकूण ८१,५००. पैसे मी घातले, जागा आणि बाकी सगळं मामांचं, नफा निम्मा-निम्मा. त्याखाली मी 'वार्षिक देखभाल' असं लिहून १०,००० धरले होते: दोर, रंग, दोन ड्रम, किरकोळ. आणि त्याच्या खाली एक ओळ, 'मजुरी (मामा)'. समोर शून्य.

खरं सांगतो, शून्य लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही. मामा तिथेच तर असतात!

२०२४ च्या नोव्हेंबरात तराफा पाण्यात गेला. तुडुंब धरण, मागे रतनगड, पहाटेचं धुकं आणि त्यात आमची जेटी. मामी तिला 'पलंग' म्हणते. पहिल्याच महिन्यात फोटो फिरले, शनिवार-रविवार फुल्ल. कोणी घसरलं नाही, सगळे जॅकेट घालून रांगेत. मी ऑफिसात जेवताना लोकांना फोटो दाखवायचो आणि "साइड बिझनेस" वगैरे शब्द वापरायचो.

मग आवर्तन सुटलं.

आम्ही दोरीने मोजलंय. आवर्तन चालू असताना आमच्या काठाला पाणी दिवसाला जवळपास एक फूट उतरतं. एक फूट म्हणजे काहीच नाही, असं पुण्यात बसून वाटतं. पण आमच्या काठाचा उतार एकास सहा आहे. पाणी एक फूट उतरलं की काठ सहा फूट लांब जातो. १३ फुटांची फळीवाट दोन दिवसांत कोरडी. चौथ्या दिवशी तराफ्याची एक बाजू चिखलात टेकते आणि दुसरी पाण्यात, म्हणजे तो तिरका होतो, आणि ४०० किलोंवरचं लोखंड-लाकूड एकदा गाळात रुतलं की तिघांना हलत नाही. म्हणून रुतायच्या आधी सरकवायचा. नांगर उचला, दोर सोडा, तराफा खोल पाण्याकडे ढकला, नांगर परत टाका, फळीवाट खाली ओढा, तिच्याखाली दगड लावा. नोव्हेंबर ते मे पाणी ५० फूट उतरलं, काठ ३०० फूट लांब गेला आणि आमची जेटी १७ वेळा हलली.

यातल्या किती वेळा मी होतो? दोन. त्यातल्या एकदा मी फोटो काढत होतो.

फोनवर मी विचारायचो, "मामा, जमतंय ना?" आणि मामा म्हणायचे, "जमतंय की. त्यात काय." मी ते 'स्टेटस ग्रीन' समजायचो. आपल्या प्रोजेक्टमध्ये कोणी तीन महिने सलग ग्रीन लिहिलं तर आपल्याला लगेच संशय येतो. घरच्या माणसाच्या बाबतीत तो का येत नाही कोण जाणे.

२०२५ च्या एप्रिलमध्ये, एका शनिवारी सकाळी, मामीचा फोन आला. पाहुणे उठायच्या आत जेटी सरकवून ठेवावी म्हणून मामा पहाटे पाचला एकटेच खाली गेले होते. नेहमी मदतीला येणारी दोन पोरं लग्नाला गेली होती. ताणलेला दोर सुटला, तराफा मागे आला आणि मामांचा पाय ड्रम आणि दगडाच्या मध्ये सापडला. घोट्याजवळचं हाड मोडलं. एका पाहुण्याने गाडी काढली म्हणून वेळेवर दवाखाना गाठला.

मी दुपारी पोचलो. मामा पाय वर टांगून पडलेले आणि पहिला प्रश्न काय, "पाहुण्यांना नाश्ता मिळाला का?" मी मामींना म्हणालो, मला आधी का नाही सांगितलं की एकट्याचं काम नाहीये हे. मामी चिडली नाही. तिने शांतपणे विचारलं, "तुह्या त्या कागदात यांचं काय लावलंय रे?"

मी काय सांगणार? शून्य लावलंय म्हणून सांगू?

त्या रात्री तंबूत बसून मी शीट पुन्हा केली, यावेळी खरी. आमच्याकडे दिवसाची मजुरी ५०० धरली तर तीन माणसं अर्धा दिवस म्हणजे ७५०. अशा १७ खेपा (उरलेल्या मेपर्यंतच्या नंतर त्यात मिळवल्या), १२,७५०. पावसाळ्यात वारा आणि लाटा तराफा फोडून टाकतील म्हणून जूनच्या तोंडाला तो पाण्याच्या वरच्या रेषेच्याही वर ओढून घ्यायचा, आठ माणसं एक दिवस, ४,०००. ऑक्टोबरात परत उतरवायचा, आणखी ४,०००. दगडांवर घासून दोर तुटले, ७,४००. फळ्या कुजल्या, ४,६००. दोन ड्रम फुटले, २,०००. बेरीज ३४,७५०. म्हणजे मी धरलेल्या रकमेच्या साडेतीन पट, आणि बांधणीच्या खर्चाच्या ४३ टक्के, दर वर्षी. शिवाय दवाखाना १८,३०० आणि महिनाभर मामांच्या जागी ठेवलेला माणूस १५,०००. सगळं मिळून ६८,०५०.

जेटीमुळे वाढलेला नफा होता ४६,०००. मामांचा पाय मोडला नसता तर ११,२५० उरले असते. मोडला, म्हणून २२,०५० ची खोट. पण माझ्या जुन्या शीटप्रमाणे मी ३६,००० रुपये 'कमावले' होते आणि त्यातले निम्मे माझे होते. ते १८,००० आले कुठून, तर मामांच्या पहाटेच्या खेपांमधून.

तेव्हा मला मिनेसोटातली ती दोन माणसं आठवली, गुडघाभर पाण्यातली. लोकांकडे पैसे फार झालेत असं मला वाटलं होतं. खरं तर तिथे प्रत्येक खेपेचं बिल होत होतं, एवढाच फरक. पाण्यात काहीही ठेवलं की ते कुणाला तरी सतत सांभाळावं लागतं, बर्फ असो की आवर्तन. तिथे ते बिलात दिसतं. आपल्याकडे ते मामांच्या "त्यात काय" मध्ये दडून बसतं.

जूनमध्ये आम्ही सगळे बसलो. जेटी भंगारात काढू, असं मीच म्हणालो. मामी नको म्हणाली, कारण त्या निसरड्या वाटेवरून परत कोणी पाण्यात जायला नको. मग असं ठरलं. एक, तराफ्याचे दोन तुकडे करायचे, सहा-सहा ड्रमचे, म्हणजे प्रत्येकाला दोन माणसं पुरतील. दोन, काठावरच्या झाडांना चेन पुली लावून ओढायचं, अंगाने नाही. तीन, जेटी फक्त ऑक्टोबर ते जानेवारी. त्यानंतर पाणी जिथे जाईल तिथे जाऊ दे, पाहुण्यांना पाणी लांबून दाखवायचं आणि आधीच फोनवर स्पष्ट सांगायचं. चार, एकट्याने दोराला हात लावायचा नाही, मग जेटी रुतली तरी चालेल. आणि पाच, प्रत्येक खेपेची मजुरी प्रत्येकाला. मामांनासुद्धा.

पाचव्या मुद्द्यावर मामा उठून उभे राहिले, म्हणजे काठी शोधायला लागले. "भाच्याकडून मजुरी घेऊ? लोक शेण घालतील तोंडात." आमच्याकडे भाच्याला द्यायचं असतं, त्याच्याकडून घ्यायचं नसतं. मी डेबिट-क्रेडिट समजावून सांगितलं, धंदा वेगळा आणि मी वेगळा, असंही सांगून पाहिलं. मामा ऐकेनात. शेवटी मामीने तोडगा काढला, "पैसं धंद्याच्या डब्यात, डबा माह्याकडं. मी कुणाला देते ते तुम्ही दोघांनी इचारायचं नाय."

उन्हाळ्यात पाणी अगदी खाली गेलं होतं तेव्हा मामा काठी टेकत मला थोडं खाली घेऊन गेले होते. गाळाकडे बोट करून म्हणाले, "ती दोन खाचरं आपली. धरण झालं तव्हा माह्या आज्याची गेली." मला तिथे नुसता गाळ दिसत होता, भेगा पडलेला. इतकी वर्षं मी हा काठ बघतोय आणि ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. किंवा मी विचारली नव्हती. ज्या पाण्याने खाली कारखाने उभे राहिले, त्या पाण्याच्या हिशोबातसुद्धा ही दोन खाचरं कुणीतरी अशीच कुठल्या तरी ओळीत धरली असतील. कितीला धरली, ते मामांना माहीत नाही.

या दिवाळीत धरण पुन्हा भरलेलं होतं. दोन तुकड्यांची जेटी पाण्यात गेली, चार माणसं, चेन पुली, सव्वा तास. मामा काठावर खुर्ची टाकून सूचना देत होते. त्यांचा पाय आता बरा आहे, चढावर थोडा लंगडतात. मी शीटमधलं शून्य खोडून ३,००० लिहिलं. चार महिने, साधारण बारा खेपा, मामांचे अडीचशे दर खेपेला. पहिले सहा महिन्यांचे राहिलेलेही मामीच्या डब्यात टाकले.

भाऊबीजेला आई माहेरी आली होती. तिने मामांना ओवाळलं. मामा दर वर्षी तबकात पाचशेची नोट टाकतात. या वेळी दहा नोटा टाकल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "चहा टाका कुणी तरी."

हे एक्सेलमध्ये कुठे लिहायचं, ते अजून सुचलेलं नाही.